डोहाळगोळी

"हापशाचा दांडा चाटल्यावानी लागतंय," केराआत्या म्हणाली. तोंडातली गोळी तळहातावर काढून तिनं ती अभ्यंकर सरांपुढं धरली. "बघा तुम्हीच."

सरांनी तळहाताकडं पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला. पुण्याहून आलेला माणूस, वय अठ्ठावीस-तीस, शर्टाला इस्त्री, खिशाला दोन पेनं. बायकांशी बोलताना त्यांची नजर कायम आमच्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर असायची.

"चव थोडी धातूसारखी येते, मान्य आहे," ते भिंतीला म्हणाले. "लोह आहे ना त्यात."

"मग इळाच चाटते की. घरात हाय. धुवून ठेवलाय."

पंचवीस बायका एकदम हसल्या. सरांचे कान लाल झाले.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची, बार्शीची. चिंचेच्या आडतीत आमच्या गल्लीतल्या बायका रोजानं चिंच फोडायला जायच्या. दिवसभर दगडावर चिंच ठेवायची, हातोडीनं ठेचायची, चिंचोके वेगळे, गर वेगळा. मी एकवीस वर्षांची होते, दहावी पास. गल्लीच्या बचत गटात लिहिता येणारी मी एकटीच, म्हणून सगळ्यांनी मला सचिव केलं होतं. माझं नाव अलका काशीद. वडील त्याच आडतीत हमाल होते.

सरांच्या संस्थेनं पावसाळ्याआधी आमच्या गटातल्या पंचवीस जणींची बोटं टोचून रक्त तपासलं. एकोणीस जणींना रक्त कमी. केराआत्याचा आकडा पाहिल्यावर सरांनी यंत्र झटकून पुन्हा तपासलं, तरी तोच आकडा. आत्या तेव्हा साठीच्या पुढं होती. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, गल्लीच्या टोकाला एका खोलीत एकटी राहायची. आडतीतून घरी येताना ती तीन ठिकाणी थांबायची: एकदा पिठाच्या गिरणीच्या पायरीवर, एकदा लिंबाखाली, एकदा आमच्या ओट्यावर. विचारलं तर म्हणायची, "वळखीच्या लोकान्ला भेटत येते."

रक्तवाढीच्या फुकट गोळ्या घरोघर होत्या. कुणी खात नव्हतं. त्यांनी मळमळतं म्हणून बायका त्या डब्यात ठेवायच्या. सरांनी आत्याच्या घरी तसा एक डबाच उघडून पाहिला होता. त्यात गोळ्या होत्या आणि गोळ्यांवर तिची सुई-दोऱ्याची पुडी होती.

"फुकट मिळालेली वस्तू डब्यात राहते," सर आम्हाला सांगायचे. "विकत घेतलेली पोटात जाते. आपण अशी वस्तू करू, जी बाई आवडीनं विकत घेईल. करणाऱ्या तुम्ही, विकणाऱ्या तुम्ही. किंमत आठ आणे."

त्यासाठी त्यांनी संस्थेकडून एक पूड आणली होती. त्यात लोह, अजून दोन-तीन जीवनसत्त्वं, आणि पोटातल्या बाळासाठी चांगलं असं काहीतरी होतं. ती गुळात घालून पहिली गोळी केली, तीच ही आत्याच्या तळहातावरची.

"चिंच घाला," आत्या म्हणाली.

"चिंच?"

"चिंचंपुढं कशाची चव टिकत न्हाई. अन् काळं पडलं तरी कुणाला कळत न्हाई, चिंच मूळचीच काळी."

सरांनी वहीत लिहून घेतलं. आठ दिवस आम्ही आमच्या स्वयंपाकघरात घाट घातला. चिंचेचा कोळ, गूळ, भाजलेलं जिरं, सैंधव, थोडी मिरपूड, आणि शेवटी ती राखाडी पूड. बाराव्या वेळेला आत्यानं गोळी तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि हात पुढं केला. दुसरी मागत होती. नमुना पुण्याला गेला, तपासून आला, पूड हवी तेवढी भरली म्हणाले.

इथवर सगळं नीट होतं. घोळ नावात झाला.

सर एक दिवस मोठं खोकं घेऊन आले. त्यात गोळ्या गुंडाळायचे छापील कागद होते. हिरव्या कागदावर फुलांच्या झोपाळ्यात बसलेली, पोटाशी हात धरलेली एक गोरीपान बाई, आणि खाली लाल अक्षरांत नाव: डोहाळगोळी.

सर खूश होते. "आंबट कुणाला सगळ्यात जास्त लागतं? डोहाळे लागलेल्या बाईला. आणि सगळ्यात जास्त गरज कुणाला? तिलाच. आमच्या कार्यालयातल्या सगळ्यांना आवडलं."

आम्ही एकमेकींकडं पाहिलं. मी विचारलं, "सर, किती छापलेत?"

"दहा हजार."

मग आम्ही मुकाट गोळ्या गुंडाळायला बसलो. छापलेल्या गोष्टीला आम्ही घाबरायचो.

गोळ्या गल्लीतल्या बन्सीशेठच्या किराणा दुकानात बरणीत ठेवल्या. पहिल्या आठवड्यात गल्लीतल्या दोन गरोदर बायकांनी घेतल्या. तिसरी सुनंदा. तिचं लग्न होऊन चार महिने झाले होते. दळण आणायला गेली, आठ आणे उरले होते, तोंडाला चव नाही म्हणून एक गोळी घेतली आणि कागद घरातल्या केराच्या सुपात टाकला. सासूनं तो कागद पाहिला. संध्याकाळपर्यंत सासूनं गल्लीत साखर वाटली आणि सुनंदाच्या माहेरी निरोप धाडला. सुनंदा नाही नाही म्हणत होती, तर सासू सगळ्यांना कौतुकानं सांगत होती, "लाजतीया."

पंधरा दिवसांनी खरं काय ते कळलं. तेव्हा ती सासू माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "माझी साखर भरून दे," म्हणाली.

त्यानंतर गोळी बरणीतून हलेना. कॉलेजच्या पोरी दुकानासमोरून तोंड फिरवून जायच्या. नवऱ्यानं टाकलेली एक बाई होती, तिला तर बरणीकडं बघायचीही सोय राहिली नाही. बन्सीशेठ कुणी मागितलीच तर इकडं तिकडं बघून वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचा, आणि ते वर्तमानपत्र पाहून लोकांना आणखीच कळायचं.

"पण गोळीत वाईट काय आहे?" सर विचारायचे.

"गोळीत काय न्हाई," आत्या म्हणायची. "ती झोपाळ्यावरची बया उतरवा."

दहा हजार कागद संपल्याशिवाय बया उतरणार नव्हती.

माझं लग्न तेव्हा जुळत आलं होतं. वैरागचं स्थळ होतं, मुलगा साखर कारखान्यात वजनकाट्यावर. मुलाच्या आईनं मला दोनदा बघितलं होतं, एकदा आमच्या घरी आणि एकदा देवळात. आम्ही घरात तिला वैरागकरीणबाई म्हणायचो. पसंती तोंडी झाली होती, फक्त सुपारी फुटायची बाकी होती.

आणि माझं काम होतं बाजाराच्या दिवशी भाजीबाजारालगत टेबल मांडून गोळ्या विकायचं. सरांनी शिकवलं होतं, विकणाऱ्यानं आधी गिऱ्हाइकापुढं स्वतः खाऊन दाखवायचं, म्हणजे विश्वास बसतो. मी खायची. दिवसाला पाच-सहा गोळ्या. मेथीचा भाव विचारत पुढं आलेली एक बाई माझ्याकडं बराच वेळ बघत उभी राहिली. माझ्या तोंडात गोळी, हातात हिरवा कागद. ती वैरागकरीणबाईंची नणंद होती, हे मला नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी वैरागकरीणबाई स्वतः आल्या. बरोबर तीच नणंद. आईनं चहा केला. त्यांनी घराची चौकशी केली, पावसाची केली, मग बशीत चहा ओतता ओतता म्हणाल्या, "मुलीला आंबट लई आवडतं म्हणं."

आईच्या लक्षात आलं नाही. "आवडतं की. चिंचंच्या घरातलीच हाय ती."

"रोज खाती म्हणं."

"कामच हाय तिचं."

"असलं कसलं काम गं बाई," नणंद म्हणाली.

आईचा चेहरा उतरत गेला, तसा तो मला दारातून दिसत होता. मी बाहेर येऊन सांगायला सुरुवात केली: रक्त, लोह, पुण्याची संस्था. जितकं सांगत होते तितक्या त्या दोघी समजूतदारपणे मान हलवत होत्या. उठताना वैरागकरीणबाई म्हणाल्या, "घाई न्हाई. दोन-तीन महिनं थांबू. दिसंलच काय ते."

त्या गेल्यावर आईनं मला टेबल लावायला बंदी केली. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. मी रागानं आणि लाजेनं आत्याच्या खोलीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सर तिथंच आले, त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी पहिल्यांदाच भिंतीकडं न बघता माझ्याकडं बघितलं. "मी स्वतः वैरागला जातो," ते म्हणाले. "त्यांना समजावून सांगतो, की अलकाताई गरोदर नाहीत. मी खात्रीनं सांगू शकतो."

आत्या तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "लगीन झालंय का तुमचं?"

"नाही."

"पुण्याचा बिनलग्नाचा गडी वैरागला जाऊन सांगणार, ह्या पोरीला दिवस गेले न्हाईत, माझी खात्री हाय."

सर थोडा वेळ विचार करत बसले. मग त्यांना कळलं. ते इतके लाल झाले की आत्यानं उठून त्यांना पाणी दिलं.

पाणी पिऊन त्यांनी दुसरी बातमी सांगितली. पुण्याहून निरोप होता: पुढच्या बाजारापर्यंत खप दिसला नाही तर बार्शीचं काम थांबवायचं, पूड परत पाठवायची. "लोक विकत घेत नाहीत म्हणजे त्यांना नको आहे, असाच अर्थ होतो," ते म्हणाले. हे सांगताना त्यांचाच त्यावर विश्वास नव्हता.

आत्यानं सूप पुन्हा हातात घेतलं. मला तेव्हा एक गोष्ट आठवली. गेल्या दीड महिन्यात ती आमच्या ओट्यावर बसलीच नव्हती. लिंबाखालीही नाही. आडतीतून निघायची ती सरळ घरी. रोज तीन गोळ्या खायची, आठ आण्याप्रमाणे रोख पैसे टाकून, कारण फुकट घेतली तर डब्यात राहते असं सरांनी सांगितलं होतं.

"बाजारादिवशी टेबल मांड," ती मला म्हणाली. "तू मागं बस. तोंड उघडायचं न्हाई. तुझ्या आईला मी बघते."

आईला तिनं काय सांगितलं ते मला अजून माहीत नाही. बाजाराच्या दिवशी सकाळी आई स्वतः टेबल धरायला आली.

आत्यानं टेबलासमोर रस्त्यातच पोतं अंथरलं. गोळ्या गुंडाळायला जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणला होता, तो पोत्यावर ठेवून ती त्यावरच बसली. पांढरे केस, कपाळ मोकळं, तोंडात वरचे चार दात. तिनं एक गोळी घेतली, हिरवा कागद उलगडून सगळ्यांना दिसेल असा मांडीवर पसरला, झोपाळ्यावरची बाई वर करून. आणि आवाज करून गोळी चोखायला लागली.

पहिली आली ती कांदेवाली गयाबाई. "आत्या, काय खातीस गं?"

"डोहाळगोळी."

"अन् ती कशाला?"

"कशाला म्हंजे. चौथा चाललाय."

गयाबाईचा हात कांद्यावरच राहिला. मग ती अशी हसली की पलीकडचा लसूणवाला उठून बघायला आला. "काय झालं?" "केराआत्याला चौथा चाललाय." लसूणवाल्यानं विचारलं, "पोरगा का पोरगी?" आत्या म्हणाली, "तुझ्यासारखं नसलं म्हंजे झालं."

अर्ध्या तासात टेबलाभोवती दोन आळींतली माणसं होती. कुणी काही विचारावं आणि आत्यानं उत्तर द्यावं.

"मळमळतं का?"

"तुला बघितलं की मळमळतंय."

"उलट्या?"

"सकाळी. बन्सीशेठचा भाव ऐकल्यावर."

"डोहाळजेवण कधी?"

"सातव्यात. हिरवी साडी कोण आणणार ते आत्ताच ठरवा. मागनं मागं सरायचं न्हाई."

आडतीतले हमाल आले, त्यांत माझे वडीलही होते. ते लांब उभे होते. त्यांच्यातल्या भीमानं, अडीच मणाची गोणी एकट्यानं उचलणाऱ्यानं, टेबलावर आठ आणे टाकले. गोळी तोंडात टाकून पोटावरून हात फिरवला आणि म्हणाला, "मला सहावा." मग हमालांची रांगच लागली. सातवा, आठवा, एकाला जुळी. कॉलेजच्या पोरी आधी लांबून हसत होत्या, मग हात धरून घोळक्यानं आल्या. पुरुष खातायत, म्हाताऱ्या खातायत, आता आपलं नाव कोण घेणार. ती नवऱ्यानं टाकलेली बाई आली. तिनं चार घेतल्या, एक तिथंच उभ्यानं खाल्ली. कुणी तिलाही विचारलं, "कितवा?" तशी ती पहिल्यांदा हसताना दिसली. "अकरावा," म्हणाली.

अभ्यंकर सर टेबलामागं माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी वही उघडली होती, पण त्यात काय लिहावं ते त्यांना सुचत नव्हतं.

आणि तेव्हा गर्दीत वैरागकरीणबाई दिसल्या. हातात भाजीची पिशवी. त्या बघून परत फिरणार, तोच आत्यानं हाक मारली.

"या की बाई. तुमचीच आठवण काढत होते. बाळंतपणाला वैरागला यायचं म्हणते."

"वैरागला कशाला?" गयाबाईनं विचारलं.

"तिथल्या बायकान्ला पोटातलं लांबनं कळतं. दवाखान्याचा खर्च वाचंल."

बाजार हसला. वैरागकरीणबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता या मला आणि आमच्या घराण्याला शिव्या घालतील. पण त्या गर्दी थोडी पांगेपर्यंत थांबल्या, मग टेबलाजवळ आल्या. आवाज खाली आणून मला म्हणाल्या, "आमच्या धाकटीला चक्कर येती. सतरावं लागलंय. तिला चालंल का ही?"

"चालंल की," मी म्हणाले. "रोज दोन. पण लोक काय म्हणतील, मावशी?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं, आणि मीही नजर खाली घेतली नाही.

"वीस दे," त्या म्हणाल्या. "जरा पेपरात गुंडाळून दे."

"पेपर संपला," आत्या म्हणाली. ती वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर बसली होती आणि उठली नाही.

वैरागकरीणबाईंनी वीस डोहाळगोळ्या उघड्या ओंजळीत घेतल्या, भाजीच्या पिशवीत मेथीवर टाकल्या आणि सगळ्या बाजारातून चालत गेल्या. पिशवीतून हिरवे कागद वर दिसत होते. गयाबाईनं लांबूनच विचारलं, "कितवा ओ?" त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. पण खांदे हलत होते. हसत होत्या का रडत होत्या, मला कळलं नाही.

दुपारी तीनला टेबल रिकामं झालं. सरांनी पुण्याला जो अहवाल पाठवला, त्यात त्यांनी लिहिलं होतं, "स्थानिक स्तरावर नावाबद्दलचा संकोच दूर झाला." कसा, ते लिहिलं नव्हतं. दहा हजार कागद दिवाळीच्या आत संपले. पुन्हा छापायची वेळ आली तेव्हा पुण्याहून नवं सभ्य नाव सुचवून आलं. बन्सीशेठनं ते ठेवायलाच नकार दिला. "डोहाळगोळीच द्या, लोक तीच मागतात," म्हणाला. पुढं आठ-नऊ वर्षं ती बार्शीत आणि आसपासच्या गावांत खपत होती. सहा महिन्यांनी पुन्हा बोटं टोचली तेव्हा आमच्यातल्या एकोणीसपैकी सातच उरल्या होत्या.

स्थळाचंही सांगून टाकते. महिन्याभरात वैरागहून पसंतीचा निरोप आला. मी वडिलांना म्हणाले, मुलानं एकदा बाजारात येऊन माझ्या टेबलापाशी गोळी खाऊन दाखवावी, मग माझं हो. वडील हसले आणि त्यांनी खरंच तसा निरोप धाडला. मुलगा आला नाही. तीन वर्षांनी माझं लग्न कुर्डुवाडीला झालं. त्या घरात मला काम सोड असं कुणी म्हणालं नाही.

पण मला सांगायचं होतं ते बाजारानंतरचं. ऊन उतरलं होतं, आई पुढं निघून गेली होती, आणि आत्या आणि मी घडी केलेलं पोतं घेऊन घरी चाललो होतो. लिंब आला, गेला. ती थांबली नाही. मला हसू आवरत नव्हतं.

"आत्या, एवढ्या गड्यांपुढं तुला लाज कशी न्हाई वाटली गं?"

"कशाची?"

"चौथा चाललाय म्हणालीस."



"पाच येळा दिवस गेलं मला," ती म्हणाली. "पाचीच्या पाची येळंला ह्याच आडतीत ढिगाम्होरं बसून चिंच फोडत हुते. तोंडाला पाणी सुटायचं, आडत्याचा माणूस म्होरं उभा. घरी सासूला सांगायची सोय नव्हती. नवरा बोलायचा न्हाई. दिसाया लागलं तवा ज्याचं त्याला कळलं. काय खावंसं वाटतंय का केरा, कितवा लागला, असं एका माणसानं इचारलं न्हाई."

तिच्या पाचांपैकी एकही पोर मी कधी पाहिलं नव्हतं, हे मला तेव्हा चालता चालता उमगलं.

आत्यानं पोत्याची घडी या काखेतून त्या काखेत घेतली.

"आज आख्ख्या बाजारानं इचारलं की गं," ती म्हणाली, आणि माझ्यापुढं चालायला लागली.